प्रस्तावना : ऐकलेले, पाहिलेले, ताडलेले

हृदयविकाराच्या निदानाकडे नाना प्रकारची माणसे वळतात. कोणी वैद्यकीय विद्यार्थी असेल, कोणी गावात दवाखाना चालवणारे डॉक्टर, कोणी हृदयविभागात काम करणारी परिचारिका. या विषयाची धास्ती वाटते ती त्याच्या पसाऱ्यामुळे. हृदयाचे आवाज, नाडीचे प्रकार, इसीजीच्या रेषा, टूडी इकोचे आकडे, रक्तातले ट्रोपोनिन, हे सगळे पाठ करायला बसले तर संपतच नाही. पण यातली एकही खूण आपला अर्थ सोबत घेऊन आलेली नाही. कोणीतरी ती छातीतल्या वस्तुस्थितीशी ताडून पाहिली, तेव्हा तिला अर्थ मिळाला. ही ताडण्याची रीत समजली की पसारा आवाक्यात येतो.

रने लाएनेक यांनी १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांचे खरे मोठेपण त्यापुढच्या कामात आहे. जिवंतपणी जे ऐकले ते शवविच्छेदनात जे दिसले त्याच्याशी ते चिकाटीने जुळवत राहिले आणि १८१९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. फुफ्फुसांबाबतचे त्यांचे बरेच निष्कर्ष टिकले, हृदयाबाबत मात्र ते फसले. हृदयाचा दुसरा आवाज वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, असे त्यांना वाटे. तो झडपा मिटण्याशी निगडित आहे हे पुढच्या पिढीने दाखवले.

सव्वाशेहून अधिक वर्षांनी स्वीडनमधल्या लुंड येथे तोच प्रकार वेगळ्या यंत्राबाबत घडला. मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांवर तेव्हा शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या. कोणाची झडप नुसती अरुंद आहे आणि कोणाची गळतेही आहे, हे आधी कळावे म्हणून इंगे एडलर धडपडत होते. भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांच्या साथीने त्यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यातले, धातूतील दोष शोधणारे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र आजमावले आणि १९५३ मध्ये हृदयाचा पहिला इको नोंदवला. पडद्यावर हलणारी एक ठळक रेषा डाव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीची असावी, असा एडलर यांचा समज झाला. मृत्यूनंतरच्या तपासणीत ती मायट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीची निघाली. यंत्र पहिल्या दिवसापासून बरोबर दाखवत होते, वाचणे मागाहून आले.

हीच झडप आपल्याकडच्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी नीट शिकावी असे मला वाटते, कारण रुमॅटिक तापाने खराब झालेल्या झडपा आपल्या रुग्णालयांत अजूनही भेटतात. पाचव्या-सहाव्या महिन्यातली गरोदर बाई जिना चढताना थांबते, रात्री उशीला टेकून बसते. ‘या दिवसांत दम लागायचाच’ असे घरचे म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण गरोदरपणात शरीरातले रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, नाडी जलद होते आणि दोन ठोक्यांमधली उसंत आखूड होते. चार ते सहा चौरस सेंटिमीटरची झडप दीडवर आलेली असेल, तर तेवढ्या वेळात रक्त खाली उतरत नाही आणि फुफ्फुसांत तुंबते. अशा बाईला डाव्या कुशीवर वळवावे, स्टेथोस्कोपची बेल हृदयाच्या टोकावर हलकेच टेकवावी. ठसठशीत पहिला आवाज, दुसऱ्या आवाजानंतर झडप उघडतानाचा खट्, आणि मग खालच्या पट्टीतली घरघर. दुसरा आवाज आणि तो खट् जितके जवळ, तितका वरच्या कप्प्यातला दाब जास्त. युरोपीय पुस्तकांत वर्णिलेली गालांवरची लाली आपल्या वर्णावर सहसा दिसत नाही, तिची वाट पाहू नये.

मग इको करावा, करायलाच हवा. पण झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाचताना त्या क्षणी नाडी किती होती हे पाहावे. तीच झडप साठच्या नाडीला एक आकडा देते, एकशे दहाला बराच मोठा.

छातीत अचानक कळ आलेल्या रुग्णात तर यंत्राने दाखवलेले रुग्णाशी ताडून पाहण्याची ही सवय जीव वाचवते. इसीजीत हृदयविकाराच्या झटक्यासारखे बदल दिसतात, गुठळी विरघळवणारे औषध तयार असते. तरी कळ पाठीकडे फाटत गेल्यासारखी वाटली का, हे विचारावे. दोन्ही मनगटांची नाडी चाचपावी, दोन्ही हातांचा रक्तदाब मोजावा. महाधमनीचा आतला थर फाटतो तेव्हाही क्वचित इसीजी असाच दिसतो, आणि तिथे ते औषध घातक ठरते. नाडी सारखी लागली म्हणून ती शक्यता संपत नाही. वेगळी लागली तर मात्र हात थांबलाच पाहिजे.

कान पुरेसा आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. रुमॅटिक तापात झडपेची जी गळती ऐकू येत नाही ती इकोत दिसते, आणि या तापाच्या निदानासाठीच्या जोन्स निकषांच्या २०१५ च्या सुधारणेने ती पुरावा म्हणून स्वीकारली. त्यातून नवा प्रश्न उभा राहिला : ज्या मुलाला काहीच त्रास नाही, पण इकोत झडप किंचित बिघडलेली दिसते, त्याचे काय करायचे? युगांडात अशा मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊन पाहिले. दोन वर्षांत विकार पुढे सरकला तो इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांत, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्क्यांत. म्हणजे न घेणाऱ्यांतही बहुतेकांचा आजार दोन वर्षांत वाढला नाही. तो कोणाचा वाढणार हे आधी खात्रीने ओळखता येईल अशी खूण अजून कोणाच्या हाती लागलेली नाही. ती शोधायला या क्षेत्राला नवी माणसे हवी आहेत.