वर्गणीदारांचे विद्यापीठ

शिक्षणसंस्थांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा संस्थापकाचे चरित्र लिहिले जाते, आणि त्यानंतर मोठ्या देणगीदारांची नामावळी. संस्था कोणत्या पैशावर उभी राहिली आणि त्या पैशाने तिचा स्वभाव कसा घडवला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाच्या संदर्भात आम्हांला तो विचारावासा वाटतो. कारण १९२० या एकाच वर्षात या विद्यापीठाचे नाव बदलले, उत्पन्न बदलले आणि पुढची दिशाही ठरत गेली.

डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे होते. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्याआधी त्यांच्या हाती आली होती. परिषदेत त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि सहा महिन्यांच्या आत, जून १९१६ मध्ये, भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. रा. गो. भांडारकर कुलपती झाले, रँ. र. पु. परांजपे कुलगुरू. हिंगण्याला महाविद्यालय सुरू झाले तेव्हा विद्यार्थिनींची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. सरकारी सनद नव्हती. मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम होते. इंग्रजी हा विषय म्हणून शिकवला जाई. 'गृहीतागमा' ही पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलीला तिच्या जोरावर सरकारी नोकरी मिळेल, अशी खात्री कोणीही देऊ शकत नव्हते.

सनद नाही, अनुदान नाही, मग विद्यापीठ म्हणायचे कशाच्या बळावर? कर्व्यांचे उत्तर होते, लोकांच्या बळावर. दरवर्षी ठरावीक लहानशी वर्गणी देणाऱ्यांचा एक मतदारसंघ त्यांनी उभा केला आणि विद्यापीठाच्या नियामक सभेवर प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार त्याला दिला. ही कल्पना एकाएकी सुचलेली नव्हती. तरुणपणी त्यांनी आपल्या गावासाठी 'मुरूड फंड' उभारला होता, तोही गावकऱ्यांच्या मिळकतीतील अल्प वाट्यावर. १८९६ साली काढलेला अनाथ बालिकाश्रमही दारोदार फिरून जमवलेल्या पैशावर जगला होता. कर्व्यांच्या हिशेबी वर्गणी ही मदत तर होतीच, पण ती संमतीही होती. स्त्रीशिक्षणाविषयी साशंक असलेल्या समाजात दर वर्षी थोडे रुपये देणारा माणूस उद्या आपली मुलगी किंवा विधवा बहीण तेथे पाठवण्याची शक्यता अधिक होती.

परंतु या व्यवस्थेची मर्यादाही उघड होती. वर्गणी दर वर्षी नव्याने मागावी लागते. शिक्षकांचे पगार, वसतिगृह आणि इमारत यांचा खर्च मात्र वाट पाहत नाही. अशा वेळी मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी पुढे आले. जपानच्या प्रवासात त्यांनी टोकियोचे महिला विद्यापीठ स्वतः पाहिले होते. १९२० साली त्यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्के दराने तिचे वार्षिक व्याज ५२,५०० रुपये होते. त्यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ विद्यापीठाला 'श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी' हे नाव मिळाले.

या देणगीला कमी लेखण्याचे आम्हांला काहीच कारण दिसत नाही. तिच्यावाचून विद्यापीठ पुण्याच्या परिघाबाहेर वाढले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही देशाच्या नावाने ओळखली जाणारी संस्था आता एका कुटुंबाच्या नावाने ओळखली जाऊ लागली, हे नोंदवायला हवे. निश्चित व्याज हाती आल्यावर लहान वर्गणीदाराचे वजन घटणे अपरिहार्यच होते. गुरुत्वमध्यही सरकला. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला गेले. हिंगण्याच्या माळावरची संस्था महानगराची झाली.

येथे कथा संपती, तर ती धनाने लोकाश्रयाला गिळल्याची कथा झाली असती. तशी ती संपत नाही. १९२९ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडलेले कर्वे युरोप, अमेरिका आणि जपानच्या प्रवासाला निघाले. परतल्यानंतर त्याच वयात त्यांनी आफ्रिकेतील भारतीयांच्या वस्त्यांमध्ये सुमारे सव्वा वर्ष काढले. पैसे तर हवेच होते. पण व्याजावर चालणाऱ्या विद्यापीठालाही माणसे लागतात, हे त्यांनी ओळखले होते. दुसऱ्या बाजूने, १९२२ मध्ये सर विठ्ठलदास निवर्तल्यावर त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाईंनी संस्थेच्या कामाला स्वतःला वाहून घेतले आणि वैधानिक विद्यापीठाचे कुलगुरुपदही पुढे सांभाळले. देणगीदाराचे घर अशा रीतीने विद्यापीठाच्या परिवारात सामील झाले.

मुंबई विधिमंडळाने विद्यापीठाचा कायदा केला तो १९४९ साली. म्हणजे ३३ वर्षे या विद्यापीठाने सरकारी मान्यतेवाचून पदव्या दिल्या आणि मुलींनी व त्यांच्या पालकांनी त्या स्वीकारल्या. हा विश्वास १५ लाखांनी विकत घेता आला नसता. आणि केवळ विश्वासावर पगारही झाले नसते.

आज विनाअनुदानित तुकड्या, तासिका तत्त्वावर नेमलेले अध्यापक आणि वाढते शुल्क यांच्यात वावरताना आम्हांला या इतिहासाचे स्मरण होते. निधी आणावा कोठून, याची चर्चा प्रत्येक बैठकीत होते, आणि व्हायलाच हवी. परंतु शुल्क भरणारा पालक आणि शिकून गेलेला विद्यार्थी यांना संस्थेच्या कारभारात काही जागा आहे काय, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतो. कर्व्यांनी वर्गणीदाराला पावतीबरोबर मताचा अधिकार दिला होता. आपण पावती तेवढी ठेवली आहे.