पंच, गुण आणि कॅमेरा : बेळगाव-निपाणी सीमाभागातील कुस्तीच्या निकालाचा इतिहास

बेळगाव, निपाणी, चिक्कोडी आणि खानापूर हा पट्टा कुस्तीच्या नकाशावर कोल्हापूरला जोडलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. सरकारी हद्द बदलली, तरी मल्लांचे जाणे-येणे थांबले नाही. निपाणीपासून कोल्हापूर चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे, त्यामुळे या भागातील होतकरू पोरे पूर्वीसारखीच कोल्हापूरच्या तालमींत दाखल होत राहिली. कोल्हापूर-सांगलीचे मल्ल बेळगावच्या मैदानांत उतरत राहिले आणि धारवाड, बागलकोट, दावणगेरेकडचे पैलवानही त्याच मैदानांत सलामी देत आले. या मैदानांवर हार-जीत कोण ठरवतो, कशावरून ठरवतो आणि तो निकाल मान्य नसेल तर दाद कुठे मागायची, या प्रश्नांची उत्तरे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ बदलली. फुटबॉलमध्ये व्हिडिओ पाहून निर्णय फिरवण्याची पद्धत आज सर्वांना ठाऊक आहे. कुस्तीनेही आपल्या वाटेने तोच प्रवास केला आहे.

जत्रा-उरुसातील जुनी कुस्ती निकाली असे. एक मल्ल चीतपट झाला, म्हणजे त्याचे दोन्ही खांदे एकाच वेळी जमिनीला टेकले, की कुस्ती संपली. गुण नव्हते, फेऱ्या नव्हत्या, घड्याळालाही फारसे महत्त्व नव्हते. तोडीस तोड जोड असेल तर खडाखडीतच अर्धा तास निघून जाई. शेवटी कोणीच कोणाला हटवत नाही असे दिसले, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवत. पंच म्हणून फेटा बांधून उतरणारे बहुधा नामांकित जुने मल्ल किंवा वस्ताद असत. त्यांच्या हाती नियमांचे पुस्तक नसे. त्यांचा शब्द चाले तो त्यांनी स्वतः गाजवलेल्या मैदानांच्या जोरावर. जोड तोलून लावणे, कुस्ती मनापासून चालली आहे की आतून ठरवून हे ओळखणे, रेंगाळणाऱ्या मल्लांना समज देणे आणि नूरा कुस्ती दिसली तर इनाम रोखणे, ही सगळी कामे पंचांचीच.

अशा कुस्तीत निकालावरून वाद कमी होण्याचे मुख्य कारण निकालाच्या स्वरूपातच होते. घिस्सा, एकलंगी, ढाक किंवा धोबीपछाड यांपैकी डाव कोणताही असो, त्याचा शेवट पाठ जमिनीला लागण्यात होई आणि ती पाठ पंचांबरोबर हौद्याभोवतीच्या हजारो लोकांना दिसे. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेली तांबडी माती खांद्यांना चिकटे, तीही एक साक्ष असे. ही साक्ष अगदी निर्दोष नव्हती, कारण पकड बसावी म्हणून मल्ल आधीच एकमेकांच्या अंगावर माती टाकत. तरीही खांदे टेकले की नाही याबद्दल पंच आणि प्रेक्षक यांचे मत सहसा एकच पडे.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, तेव्हा प्रेक्षकांना कुस्ती नीट दिसण्याची सोय हा त्या आश्रयाचा भाग झाला. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले होते. १९१२ मध्ये पुऱ्या झालेल्या खासबाग मैदानाची रचना बशीसारखी आहे. मधला हौदा खोलात आणि भोवती चढत गेलेली बैठक असल्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पाठ टेकलेली दिसते. बेळगावचा आनंदवाडी आखाडा आणि चांगळेश्वरी यात्रेच्या कुस्त्यांसाठी प्रसिद्ध असलेले येळ्ळूरचे महाराष्ट्र मैदान ही सीमाभागातील मैदाने याच परंपरेतली आहेत. इथे निकाल सर्वांसमक्ष लागतो. दुसऱ्या दिवशीच्या मराठी दैनिकात कोणी कोणाला कोणत्या डावावर चीत केले एवढे छापून आले, की त्याची नोंद पक्की होते.

या पद्धतीत घडलेला सीमाभागाचा सर्वांत मोठा मल्ल म्हणजे श्रीपती खंचनाळे. चिक्कोडी तालुक्यातील एकसंबा हे त्यांचे गाव. त्यांची कारकीर्द कोल्हापुरात घडली. १९५९ मध्ये दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून त्यांनी हिंदकेसरी किताब मिळवला. गाव म्हैसूर राज्यात, तालीम कोल्हापुरात आणि किताबाचा मान महाराष्ट्राच्या नावावर, ही स्थिती त्या काळच्या सीमाभागातील अनेक मल्लांच्या वाट्याला आली. डिसेंबर २०२० मध्ये कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

गुणांवरची कुस्ती रुजू लागली तसे निकालाचे गणित बदलले. त्याचा पहिला मोठा अनुभव कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना आला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीत वाढलेला हा मल्ल मॅटवर उतरला आणि सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीआधी राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने मागे टाकण्यात आले, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. संशयास्पद निकालावरचा त्या काळातला उपाय हाच होता : कुस्ती पुन्हा लावणे. हेलसिंकीत हा उपायही हाताशी नव्हता. जपानच्या शोहाची इशीशी दमछाक करणारी लढत झाल्यावर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्हसमोर उभे करण्यात आले आणि हरकत घ्यायला तिथे भारतीय अधिकारी हजर नव्हता. तरीही त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

मॅटवरच्या कुस्तीत निकाल तीन जणांच्या हाती असतो : मॅटवर फिरणारा रेफरी, कडेला बसलेला जज आणि टेबलावरचा मॅट चेअरमन. दोघांचे एकमत झाले की गुण लागतो. आजच्या फ्रीस्टाइल नियमांत लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळवला तर दोन गुण, वर्तुळाबाहेर काढले तर एक आणि उचलून थेट धोकादायक स्थितीत टाकले तर चार. दहा गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. आधी कोणाचा पाय बाहेर पडला, डाव कोणाचा होता आणि प्रतिडाव कोणाचा, पाठ पुरेशी कलली होती का, हे प्रश्न क्षणार्धाचे असतात. लांबच्या प्रेक्षकाला त्यांची उत्तरे दिसत नाहीत आणि जवळच्या तीन पंचांनाही ती वेगवेगळी दिसू शकतात. चीतपट कुस्तीला कॅमेऱ्याची गरज कधी भासली नव्हती. ती गुणांच्या कुस्तीने निर्माण केली.

सीमाभागात ही कुस्ती अनेक वाटांनी आली. १९६१ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पुढे माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग झाले आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी गादीवर भिडू लागले. दोन्ही विभागांत गुण लागतात, त्यामुळे मातीतल्या मल्लालाही गुणांचा हिशेब शिकावा लागला. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातील बॉईज स्पोर्ट्‌स कंपनीत मुलांना मॅटवरचे शिक्षण मिळू लागले. मैदानी कुस्तीनेही गुण अंशतः स्वीकारले. ठरलेल्या वेळेत कुस्ती निकाली झाली नाही, तर पुढे गुणांवर निकाल लावण्याची प्रथा अनेक मैदानांनी उचलली.

जागतिक पातळीवर गुणांच्या निकालाविरुद्ध दाद मागण्याच्या प्रश्नाला तोंड फुटले ते २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये. स्वीडनचा ग्रीको-रोमन मल्ल आरा अब्राहमियन ८४ किलो गटाच्या उपांत्य फेरीत वादग्रस्त निर्णयावर हरला आणि पदक वितरणाच्या वेळी कांस्यपदक मॅटवर ठेवून निघून गेला. त्याचे पदक काढून घेण्यात आले. मात्र खेळाडूंची तक्रार तातडीने ऐकणारी यंत्रणा कुस्तीच्या जागतिक संघटनेकडे असायला हवी होती, असे क्रीडा लवादाने सुनावले. त्यानंतरच्या वर्षांत मल्लाच्या बाजूने मागता येणारी व्हिडिओ फेरतपासणी, म्हणजेच ‘चॅलेंज’, मोठ्या स्पर्धांचा नेहमीचा भाग झाली.

चॅलेंजची रीत अशी आहे. निर्णय चुकला असे वाटले, तर प्रशिक्षक काही सेकंदांच्या आत स्पंजचा ठोकळा मॅटवर फेकतो. मल्लाची संमती नसेल तर तो चॅलेंज नाकारू शकतो. लढत थांबली की चित्रण पाहून निर्णय होतो. चॅलेंज खरे ठरले तर गुण बदलतात आणि पुन्हा चॅलेंज मागण्याचा हक्क शाबूत राहतो. ते फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. हा एक गुण किती महाग पडतो, ते २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दिसले. मंगोलियाचा मंदाखनारन गांझोरिग शेवटच्या क्षणी लढत टाळून जल्लोष करू लागला, त्याबद्दल प्रतिस्पर्ध्याला गुण दिला गेला आणि मंगोलियाचे चॅलेंजही फेटाळले गेले. उझबेकिस्तानच्या नवरुझोव्हने ८-७ असे कांस्यपदक जिंकले. मंगोलियाच्या प्रशिक्षकांनी निषेध म्हणून मॅटवरच अंगावरचे कपडे उतरवले.

फुटबॉलने हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवला. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा जर्मनीविरुद्धचा स्पष्ट गोल नाकारला गेला. त्यानंतर २०१२ मध्ये गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली. मार्च २०१८ मध्ये व्हिडिओ साहाय्यक पंच, म्हणजे ‘व्हीएआर’, नियमांत आला आणि त्याच वर्षी रशियातील विश्वचषकात वापरला गेला. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला शिक्षा, एवढ्या चार प्रसंगांपुरती ही तपासणी ठेवण्यात आली. ती संघाच्या मागणीवर होत नाही. पडद्यासमोर बसलेले पंच सुचवतात आणि अंतिम निर्णय मैदानावरच्या पंचाचा राहतो. कुस्तीत मात्र पुढाकार मल्लाच्या बाजूचा असतो आणि त्याची किंमतही त्यानेच मोजायची असते. ‘व्हीएआर’ नसलेल्या फुटबॉल सामन्यांत काय होते, ते भारताने दोनदा पाहिले. मार्च २०२३ मध्ये बेंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर सुनील छेत्रीने झटपट फ्री-किकवर केलेला गोल मान्य होताच केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. त्यांना चार कोटींचा दंड झाला. जून २०२४ मध्ये दोहा येथे विश्वचषक पात्रता सामन्यात चेंडू रेषेबाहेर गेल्यावर आत ओढून केलेला कतारचा गोल मान्य झाला आणि भारताची पुढची वाट बंद झाली. चित्रण जगभर पाहिले गेले, निकाल तसाच राहिला.

महाराष्ट्र केसरीतही चित्रण आणि निकाल यांच्यातली ही फारकत उघड झाली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरील टांग डावावर गायकवाडला चार गुण देण्यात आले. ती चित्रफीत संथ गतीने फिरवून लोक मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहू लागले आणि डाव चार गुणांचा होता की नाही यावर गावोगावच्या तालमींत वाद झडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे वाद थेट चीतपटीवर आला. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. खांदे टेकलेच नव्हते, चित्रण पाहा, अशी राक्षेची मागणी होती. रागाच्या भरात त्याने पंचाला लाथ मारली. पुढे किताबाच्या अंतिम सामन्यात महेंद्र गायकवाडने गुणाच्या वादावरून मैदान सोडले. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली आणि किताब मोहोळला मिळाला.

या प्रसंगात चॅलेंजच्या नियमाची एक बाजू महत्त्वाची ठरते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चीतपटीवर चॅलेंज मागता येत नाही. चीतपट जाहीर करण्यापूर्वीच रेफरीच्या निर्णयाला मॅट चेअरमनचा दुजोरा लागतो, म्हणून वेगळ्या तपासणीची गरज नाही, असे त्यामागचे गृहीत आहे. मातीच्या हौद्यात हे गृहीत बरेचसे खरे होते, कारण चीत झालेला मल्ल सर्वांना दिसे. मॅटवर चीतपट क्षणभराची असते आणि तिची खूण कुठेच उरत नाही. कुस्तीतला सर्वांत निर्विवाद मानलेला निकाल अशा रीतीने सर्वांत वादग्रस्त होऊ शकला.

सीमाभागातील जत्रेच्या मैदानांत अधिकृत व्हिडिओ तपासणी आजही रूढ झालेली नाही. त्यासाठी अनेक कोनांतून चित्रण, ते लगेच दाखवणारी यंत्रणा आणि ते पाहून निर्णय देणारे प्रशिक्षित पंच लागतात. गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि देणगीदारांच्या इनामावर उभ्या राहणाऱ्या मैदानाला हा खर्च पेलणारा नाही. शिवाय दिवसभरात लहानमोठ्या कितीतरी कुस्त्या लावायच्या असतात, तेव्हा प्रत्येक निर्णयासाठी थांबणे शक्य होत नाही. कॅमेरे मात्र मैदानात आले आहेत. मोठ्या मैदानांचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होते आणि हौद्याभोवती शेकडो मोबाइल उंचावलेले असतात. पंचांचा निर्णय मैदानात अंतिम असला, तरी त्याची चिकित्सा त्याच रात्री घरोघरी सुरू होते. त्यामुळे इथल्या पंचाला आता दोन कसोट्यांना उतरावे लागते : एक हौद्याभोवतीच्या जाणकार डोळ्यांची, दुसरी थांबवून मागे नेता येणाऱ्या चित्रणाची. निकाली कुस्ती अजून टिकून असल्याने पहिली कसोटी पुष्कळदा पुरेशी ठरते. गुणांवर जाणाऱ्या कुस्त्या जसजशा वाढतील, तसतशी दुसरीची दखल मैदानाच्या नियमांतच घेणे आयोजकांना भाग पडेल.