सायकल घेताय? आधी पायाचं माप घ्या!

पोरगं वाढतंय म्हणून सायकल एक माप मोठीच घ्यायची, असं बरेच पालक करतात. पण अचानक थांबावं लागलं आणि पाय जमिनीला टेकले नाहीत, तर पोरगं पडतं. सायकलवरचे २०, २४, २६ इंच हे आकडे चाकाचे असतात, फ्रेमचे नाहीत. त्यामुळं माप घेऊन आणि बसून बघूनच सायकल घ्या.

पायाचं माप : अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा. दोन्ही पायांमध्ये वही आडवी धरून जांघेपर्यंत वर दाबा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. सायकलचा दांडा या मापापेक्षा किमान १ इंच खाली हवा.

सीट : टाच सर्वांत खालच्या पायडलवर ठेवल्यावर पाय सरळ व्हावा. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात. नवशिक्यांसाठी मात्र दोन्ही पाय टेकतील एवढीच ठेवा. सीटच्या नळीवरची कमाल उंचीची खूण बाहेर दिसता कामा नये. नळी निसटू शकते.

हँडल : कोपर थोडं वाकलेलं राहावं आणि बोटं ब्रेकपर्यंत सहज पोहोचावीत.