तोफेवरील लेखात रंग भरावा का?

कोरीव अक्षरांत ऑइल पेंट भरायचा आणि वरचा पुसून घ्यायचा, की अक्षरे उठून दिसतात. एअरगनवरील खुणांसाठी ही घरगुती युक्ती ठीक आहे. उदगीर, औसा, कंधारच्या भुईकोटांत तिला थारा नसावा.

फार्सी लिपीत ‘बे’, ‘पे’, ‘ते’ ही अक्षरे केवळ नुक्त्यांमुळे वेगळी ठरतात. नुक्ता झिजला असेल, तर रंगवणारा अंदाजाने ठिपका देतो आणि पुढच्या वाचकाला तो अंदाजच मूळ पाठ वाटतो.

परांड्याहून विजापूरला गेलेली मलिक-ए-मैदान पाहा. तिच्यावर ओतणाऱ्या मुहम्मद बिन हसन रूमीचे नाव व हिजरी ९५६ (इ.स. १५४९) हे निजामशाहीतील वर्ष आहे, शिवाय १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरवलेला लेखही. एकाच तोफेवर दोन राजवटी! कोणते अक्षर केव्हाचे, हे ताडताना अक्षरांच्या कडा महत्त्वाच्या असतात आणि रंग नेमक्या त्याच बुजवतो.

मग वाचायचे कसे? सायंकाळी टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. उथळ रेघांतही सावली उतरते. बाजू बदलत छायाचित्रे घ्या. ओल्या कागदाचा ठसा घेणे मात्र पुरातत्त्व खात्यातील जाणकारांवर सोडा.