केप बफेलोच्या शिकारीसाठी काडतूस आणि गोळी कशी निवडावी?



नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत येऊन वर्ष-दोन वर्षं झाली की ऑफिसातला एखादा सहकारी घरी ब्रायला बोलावतो. निखाऱ्यांवर मांस भाजलं जात असताना गप्पा हमखास शिकारीवर येतात. आपल्यापैकी बहुतेकांचा बंदुकीशी संबंध दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुरता! त्यामुळे "थ्री सेव्हंटी फाइव्ह", "सॉलिड" हे शब्द डोक्यावरून जातात. शिकार करावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण ज्यांना जायचं आहे, किंवा नुसतंच कुतूहल आहे, त्यांच्यासाठी आम्ही ही माहिती एकत्र केली आहे.

१. प्राणी कोणता?

बफेलो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोठ्यातली म्हैस येते. केप बफेलो ही तिची लांबची नातेवाईक, पण हिला माणसाने कधीच माणसाळवलं नाही. मोठ्या नराचं वजन ६०० ते ८०० किलो भरतं. कातडी जाड, फासळ्या रुंद आणि शिंगांच्या बुडाशी कपाळावर ढालीसारखा कठीण भाग असतो. जखमी झालेला नर दाट झुडपांत शिरतो आणि बऱ्याचदा तिथून उलटून हल्ला करतो. त्याला तसंच सोडून देता येत नाही. मागावर जावंच लागतं, आणि सर्वांत पुढे असतो तो माग काढणारा स्थानिक माणूस. म्हणजे आपल्या चुकीच्या निवडीची किंमत दुसराच कोणी मोजण्याची शक्यता जास्त. पुढचं सगळं या एका मुद्द्यासाठी आहे.

२. काडतूस वेगळं, गोळी वेगळी

काडतूस म्हणजे पितळी नळी, तिच्या बुडाची कॅप, आतली दारू आणि टोकाला बसवलेली गोळी असा पूर्ण संच. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. '.३७५' हा आकडा गोळीचा इंचातला व्यास (साधारण ९.५ मिमी) दाखवतो. एकाच काडतुसात वेगवेगळ्या बनावटीच्या गोळ्या मिळतात, म्हणून निवड दोन वेळा करायची असते.

३. काडतूस

नेहमीची नावं आणि अंदाजे आकडे असे:

- .३०-०६ : गोळी ११.७ ग्रॅम, ऊर्जा सुमारे ३,९०० ज्यूल. हरणांसाठी उत्तम, म्हशीसाठी अपुरं.
- .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम (१९१२) : १९.४ ग्रॅम, सुमारे ५,८०० ज्यूल.
- .४१६ रिग्बी (१९११) : २५.९ ग्रॅम, सुमारे ६,८०० ज्यूल.
- .४५८ विंचेस्टर मॅग्नम (१९५६) : ३२.४ ग्रॅम, सुमारे ६,६०० ज्यूल.

आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी .३७५ ही म्हशीसाठी किमान मर्यादा मानली जाते. शेजारच्या नामिबियात नियम ऊर्जेवर आहे, म्हणजे किमान ५,४०० ज्यूल.

मग सगळ्यात मोठंच का घेऊ नये? कारण खांद्याला बसणारा धक्का. .३०-०६ च्या तुलनेत .३७५ चा धक्का साधारण दुप्पट आणि .४१६ चा जवळपास तिप्पट असतो. धक्क्याच्या भीतीने घोडा दाबताना डोळे मिटले की नेम गेलाच. नवख्या माणसाने .३७५ वर थांबावं, असंच आमचं मत आहे.

४. गोळी

ऊर्जेचा आकडा मोठा असला तरी गोळी आत खोलवर गेली नाही तर उपयोग शून्य. सारख्याच वजनाचा खिळा आणि नाणं लाकडावर ठोकून पाहा, आत जातो तो खिळा. म्हणून व्यासाच्या मानाने वजनदार, लांबट गोळी हवी. .३७५ मध्ये १९.४ ग्रॅमची (३०० ग्रेनची) गोळी रूढ झाली ती यामुळेच.

बनावटीनुसार मुख्य प्रकार तीन:

- साधी सॉफ्ट: शिशाचा गाभा, वर तांब्याचं पातळ कवच. आदळताच पसरते, पण जाड हाडावर तुटू शकते. म्हशीसाठी टाळावी.
- मजबूत सॉफ्ट: पसरते, पण एकसंध राहते. १९४६ मध्ये कॅनडात जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या मूसच्या अंगात पुरेशा खोल गेल्या नाहीत. त्यातून मधोमध धातूची आडवी भिंत असलेली 'पार्टिशन' गोळी जन्माला आली. पूर्ण तांब्याच्या, पसरणाऱ्या गोळ्याही याच गटात येतात.
- सॉलिड: पसरत नाही, खूप खोल जाते. चपट्या नाकाची जास्त सरळ जाते.

पहिली गोळी मजबूत सॉफ्टची, कारण सॉलिड आरपार जाऊन कळपातल्या मागच्या जनावराला जखमी करू शकते. म्हैस पळू लागली की पुढच्या गोळ्या सॉलिडच्या, अशी जुनी पद्धत आहे. आता अनेकजण सर्वच गोळ्या मजबूत सॉफ्टच्या वापरतात.

५. नेम

म्हैस आडवी उभी असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर नेम धरतात, कारण हृदय बरंच खाली असतं. अंतर १०० मीटरच्या आत, रायफल तिकाटण्यावर टेकवलेली. कळपात मागे दुसरं जनावर असेल तर थांबायचं.

कोणी म्हणेल, बेल नावाच्या शिकाऱ्याने .२७५ च्या छोट्या रायफलने शेकडो हत्ती मारले होते! खरं आहे. पण त्याच्याकडे लांबट सॉलिड गोळ्या होत्या आणि हत्तीच्या शरीररचनेचा दांडगा अभ्यास होता. म्हणजे त्याचं उदाहरणही गोळी आणि नेम यांचंच महत्त्व सांगतं.

६. कायदा

इथल्या २००० च्या बंदूक कायद्यानुसार परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं आणि नागरिकत्व किंवा कायमचा निवास हवा. वर्क परमिटवर असलेल्यांना परवानाधारकाची रायफल त्याच्या थेट देखरेखीखाली वापरता येते. शिकारीची परवानगी वेगळी लागते आणि नियम प्रांतागणिक बदलतात, म्हणून आधी चौकशी करावी. भारतात गव्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा ही माहिती गावी नेऊन वापरायची नाही!

थोडक्यात: .३७५, ३०० ग्रेनची मजबूत गोळी, आणि निघण्यापूर्वी त्याच रायफलवर, त्याच काडतुसांनी भरपूर सराव. सराव झाला नसेल तर कॅमेरा घेऊन जावं. पुढे चालणाऱ्या माणसालाही संध्याकाळी घरी जायचं असतं.