वास छान आहे, पण औषध आहे का?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक विक्रेता आला. त्याच्या पिशवीत लहान लहान बाटल्या होत्या. लव्हेंडर, गवती चहा, निलगिरी, पुदिना. एकेक बाटली उघडून त्याने आमच्या मनगटावर थेंब लावले. खोलीभर वास दरवळला. “याला अरोमाथेरपी म्हणतात. साखर, दमा, गुडघेदुखी, सगळ्यावर चालतं. गटाने विकायला घ्या, निम्मा नफा तुमचा,” तो म्हणाला.

वास घेऊन आम्हाला खरंच बरं वाटलं होतं. पण पैसा गटाचा जाणार होता आणि बाटल्या विकायच्या होत्या त्या आपल्याच शेजारणींना. म्हणून आम्ही आठ दिवस मागून घेतले आणि या वासाच्या औषधाचा इतिहास वाचायला बसलो. त्यातून जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

नाव मोठं वाटतं, पण ते फार जुनं नाही. रने-मॉरिस गातफोसे नावाचे एक फ्रेंच रसायनतज्ज्ञ होते. घरचा धंदा अत्तराचा. १९१० मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला आणि हात भाजले. लोक गोष्ट अशी सांगतात, की त्यांनी जळता हात लव्हेंडरच्या तेलात बुडवला आणि तो लगेच बरा झाला. त्यांनी स्वतः लिहिलंय ते वेगळं आहे. जखमा पुढे सडू लागल्या, तेव्हा त्या लव्हेंडरच्या अर्काने धुतल्या आणि सडणं थांबलं, असं ते सांगतात. १९३७ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘अरोमाथेरपी’.

आता नीट बघा. त्यांनी अर्क हुंगला नव्हता, जखमेवर लावला होता. काही वनस्पतींच्या तेलांत जंतू मारण्याचा गुण असतो. त्या काळी पेनिसिलीन नव्हतं, म्हणून असले उपाय मोलाचे होते. पण एका माणसाच्या एका जखमेवरून ‘वासाने रोग जातो’ असं ठरत नाही.

तरी वासाने रोग जातो ही समजूत त्यांच्याही आधीची. युरोपात शेकडो वर्षं लोक मानत, की रोग घाण वासातून पसरतो. मग चांगला वास घेतला की रोग दूर राहील. सतराव्या शतकात प्लेगचे काही डॉक्टर पक्ष्याच्या चोचीसारखा मुखवटा घालत. त्या चोचीत सुगंधी झाडपाला भरलेला असे. तरी प्लेगने लाखो माणसं गेली.

हाच प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला. मांडवी भागात तो पहिल्यांदा ओळखला तो मूळ गोव्याच्या डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी. पुढच्याच वर्षी पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तोवर प्लेगचा जंतू सापडला होता. येर्सिन यांनी तो १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा? १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिलं, की आजारी उंदराच्या अंगावरच्या पिसवा तो पसरवतात. म्हणजे दोष वासाचा नव्हताच. चोचीतला झाडपाला पिसवेला काय अडवणार?

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत मोबाइलवर निरोप फिरत होता, की कापूर, लवंग आणि ओव्याची पोटली हुंगा, ऑक्सिजन वाढतो. आम्हीही तो पुढे पाठवला, हे कबूल करतो. आमच्या गटातल्या एकीचे सासरे दोन दिवस पोटली हुंगत घरीच राहिले. “आता मोकळं वाटतंय,” म्हणायचे. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, तेव्हा ऑक्सिजन फार खाली गेला होता. ते वाचले. पण ते दोन दिवस आम्हाला अजून टोचतात.

त्यांना मोकळं का वाटलं असेल? पुदिन्यातल्या मेन्थॉलवर याचे प्रयोग झाले आहेत. मेन्थॉल हुंगलं की नाकाला गारवा लागतो आणि नाक उघडल्यासारखं वाटतं. पण मोजून पाहिलं तर आत जाणारी हवा तेवढीच असते. वाटणं खरं असतं, पण आजार जागेवरच असतो.

मग वास अगदीच फुकट का? तसंही नाही. दातांचे डॉक्टर लवंगेच्या तेलातलं युजेनॉल आजही वापरतात. ओव्यातलं थायमॉल जंतू मारतं. पण ही कामं हुंगून होत नाहीत, तो पदार्थ लावावा लागतो आणि प्रमाणात लावावा लागतो. नुसत्या वासाने मन हलकं होतं, ताण थोडा उतरतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. दिवसभर राबणाऱ्या बाईला घटकाभर बरं वाटणं ही लहान गोष्ट नाही. फक्त त्याला ‘बरं वाटणं’च म्हणावं, ‘बरं होणं’ म्हणू नये.

आणि एक सावधगिरी. कापूर किंवा निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. बाटली उंचावर ठेवा. बाळाच्या नाकात थेंब घालू नका.

आठ दिवसांनी विक्रेता परत आला. आम्ही त्याला सांगितलं, की १९५४ चा एक कायदा आहे. मधुमेहासारखे आजार बरे करतो अशी जाहिरात त्यात गुन्हा आहे. बाटलीवरची चिठ्ठी आणि तोंडाने केलेली जाहिरातसुद्धा त्यात येते. आमच्या तोंडून ते वाक्य निघणार नाही. ‘फक्त सुगंधासाठी’ असं लिहून देत असाल तर बोलू. तो बाटल्या आवरून निघून गेला.

नफा गेला, असं गटातल्या दोघी अजून म्हणतात. पण उद्या एखादी शेजारीण साखरेची गोळी बंद करून आमच्याकडची बाटली हुंगत बसली असती, तर तो हिशोब कोणत्या वहीत लिहिला असता? ताप उतरत नसेल, दम लागत असेल, जखम चिघळत असेल, तर आधी दवाखाना गाठा. वास काय, घरी परत आल्यावरही घेता येतो.