जामीनदार

वर्धा-यवतमाळ रस्त्यावरच्या देवळीहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आत आहे. १८६२ पर्यंत हा मुलूख नागपूर जिल्ह्यातच मोडत होता; त्या वर्षी वर्धा जिल्हा वेगळा झाला. पुढे दोनच वर्षांनी, १८६४ साली, नागपुरात पागलखाना सुरू झाला. आज त्याचे नाव प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव टिकून आहे. देवळीकरांना, मग ते हिंदू असोत की मुसलमान, नागपूरचे दुसरे एक ठिकाणही चांगले ठाऊक आहे. ते म्हणजे ताजाबाद, बाबा ताजुद्दीन यांचा दर्गा.

ताजाबादला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण जाणतो की बाबांनी आयुष्याची बरीच वर्षे पागलखान्यात काढली. मात्र ही हकीकत नेहमी करामत म्हणून सांगितली जाते. मला ती कायद्याची हकीकत म्हणून सांगायची आहे.

बाबांचा जन्म १८६१ चा, कामठीचा. आईबापाचे छत्र लहानपणीच गेले. काही काळ फौजेत नोकरी केली, ती सोडली आणि कामठीत परतले ते कपड्यालत्त्याची शुद्ध नसलेल्या अवस्थेत. घरच्यांनी त्यांना वेड लागले असे समजून उपचार केले. पोरे दगड मारीत. काहींना मात्र ते मजजूब, म्हणजे अल्लाहच्या ओढीने भान हरपलेले, वाटत. १८९२ मध्ये सरकारी हुकुमाने त्यांची रवानगी नागपूरच्या पागलखान्यात झाली आणि तिथे ते सुमारे सोळा वर्षे होते. बाहेरची माणसे दर्शनासाठी आत जाऊ लागली. त्यांचे चाहते त्या जागेला आजही पागलखाना शरीफ म्हणतात. १९०८ साली नागपूरकर भोसले घराण्याचे राजे रघुजीराव यांनी त्यांना सोडवून आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. त्यासाठी राजांनी दोन हजार रुपयांचा जामीन दिला, असे चरित्रांत येते. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचे निधन झाले.

मुसलमान फकिरासाठी मराठा राजा जामीन राहिला, ही गोष्ट आपण एकोप्याचे उदाहरण म्हणून अभिमानाने सांगतो. सांगावीच. पण मुळात जामीन का लागला, हे कोणी विचारत नाही. बाबांनी गुन्हा केला नव्हता.

उत्तर १८५८ च्या कायद्यात आहे. त्या कायद्याने पोलिसांवर कामगिरी टाकली की रस्त्यावर भटकणारा, वेडा वाटणारा माणूस दिसला की त्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे. मॅजिस्ट्रेटने डॉक्टरच्या मदतीने तपासावे आणि पागलखान्यात पाठवावे. बाहेर पडायचे तर पागलखान्याच्या सरकारी निरीक्षकांनी तसे ठरवले पाहिजे, नाहीतर एखाद्या नातलगाने वा मित्राने पुढे येऊन हमी दिली पाहिजे की याचा नीट सांभाळ करीन, याच्याकडून कोणाला इजा होऊ देणार नाही. ती हमी मॅजिस्ट्रेटला पटली पाहिजे. या व्यवस्थेत पोलीस बोलतो, डॉक्टर बोलतो, मॅजिस्ट्रेट बोलतो, जामीनदारही बोलतो. ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्याला काय हवे, हे विचारणे कोणावरच बंधनकारक नव्हते. १९१२ चा नवा कायदा आला तरी गाभा तोच राहिला, आणि तो १९९३ पर्यंत चालला.

बाबांना राजा भेटला. देवळीसारख्या कापसाच्या मुलखातून एखादा मजूर, एखादी टाकून दिलेली बाई त्या फाटकातून आत गेली असेल, तर तिच्यासाठी जामीन राहायला कोण जाणार होते? दोन हजार रुपये तेव्हा गावच्या पाटलालाही जड गेले असते. शिवाय हमी द्यायची म्हणजे 'आमच्या घरात वेड आहे' हे सरकारदरबारी कबूल करायचे. पुढे लेकीबाळींची लग्ने कशी व्हायची? ही भीती दोन्ही धर्मांत सारखीच होती. आजही ती गेलेली नाही.

दर्ग्यांनी या माणसांना एक निराळी जागा दिली, हे मान्य केले पाहिजे. आमच्याच जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात गिरडला शेख फरीद बाबांची टेकडी आहे. अशा ठिकाणी माणूस एकटा नसतो. आई, बहीण, नवरा सोबत असतो, चूल मांडलेली असते आणि बडबडणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. आधुनिक मानसोपचाराला हे उशिरा सुचले. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू देऊन सोबत ठेवले, तेव्हा त्याचे केवढे नवल झाले! पुण्यात बापू ट्रस्ट स्थापणाऱ्या भार्गवी दावर यांनीही महाराष्ट्रातील दर्ग्यांचा अभ्यास करून, तिथे दुखावलेल्या माणसाला काय मिळते ते तुच्छतेने न पाहता मांडले.

पण इथेच थांबलो तर ती आपलीच भलामण होईल. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतील एरवाडीला, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी आश्रमाला आग लागली. रुग्ण साखळदंडाने बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस जण गेले. आश्रम दर्ग्याचा नव्हता हा खुलासा खरा आहे, पण तिथे माणसे आली होती ती दर्ग्यावरच्या श्रद्धेने, आणि साखळी पाहून आपल्यापैकी कोणाला वावगे वाटले नव्हते. मजजूब म्हणून एखाद्याचे हात चुंबायचे आणि दुसऱ्याला जिन्नाची बाधा म्हणून खांबाला बांधायचे, यात त्या दोघांपैकी कोणाचेही ऐकून घेतलेले नसते. औषधाची गरज असलेल्याला औषधापासून दूर ठेवणे हाही त्याच वागण्याचा भाग. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून दुआबरोबर दवा देण्याचा प्रयोग झाला. मुजावर आणि डॉक्टर एकाच आवारात बसले, हे मला फार मोलाचे वाटते.

एरवाडीनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कायदा पुरता बदलायला मात्र २०१७ साल उजाडले, अंमल २९ मे २०१८ पासून. या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळी बांधायला मनाई केली, सक्तीने मुंडण करायला मनाई केली, भटकणाऱ्या रुग्णाला पोलीस कोठडीत ठेवायला मनाई केली. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे कलम एकोणिसावे. घर नाही किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही, असे ते सांगते. म्हणजे जामीनदाराची अट १८५८ नंतर जवळजवळ एकशेसाठ वर्षांनी गेली. प्रत्यक्षात मनोरुग्णालयांतून बरे झालेली माणसे अजूनही घरच्यांची वाट पाहत राहतात, कारण बाहेर राहण्याची सोय कागदावरच्या कलमाने होत नाही.

ती सोय गावातच करता येते, याचा दाखला शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवले. उदासीने ग्रासलेल्यांपैकी मदत मिळवणारे आधी शंभरात चार होते, अठरा महिन्यांनी सत्तावीस झाले. देवळी तालुकाही कापसाचाच आहे, आणि वर्ध्याच्या वाटेवर सावंगीचे मोठे रुग्णालय आहे. अंतर ही आता अडचण राहिलेली नाही.

नव्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. आपण आजारी पडलो तर आपल्या वतीने कोणी बोलायचे, हे माणसाने आधीच ठरवून ठेवायचे. त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. तो नातलग असलाच पाहिजे असे नाही. सज्ञान आणि तयार असलेला मित्र, शेजारी चालतो. पुढे मन बदलले तर नावही बदलता येते. त्यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही, अनामत लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावर लिहून खाली सही करायची. सही येत नसेल तर अंगठा चालतो.